टीचभर जागेतील मुखचित्र : व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन विक्रीची पहिली पायरी

एखादा छोटा स्टुडिओ दोन-तीन वर्षे खपून एक व्हिडिओ गेम तयार करतो. त्यातील कथा, संगीत, पात्रांच्या हालचाली आणि पातळ्यांची आखणी यांवर असंख्य रात्री खर्ची पडतात. विक्रीच्या दिवशी मात्र हे सारे श्रम पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका चित्रामागे उभे राहतात. ग्राहक यादी खाली सरकवत असतो, त्याची नजर शेजारच्या दहा-वीस चित्रांवरून फिरते आणि एखाद्यावर क्षणभर थबकते. ज्या चित्रावर ती थबकत नाही, त्यामागचा गेम उत्तम असला तरी त्या ग्राहकाच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. म्हणून मुखचित्र हे गेम पूर्ण झाल्यावर उरलेल्या पैशांत उरकण्याचे काम नाही. ते विक्रीच्या नियोजनाचे पहिले आणि बहुधा सर्वांत स्वस्त साधन आहे.

संगणकावरील गेमच्या विक्रीचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’. ते २००३ मध्ये सुरू झाले. आरंभी तेथे कोणता गेम विकायचा हे कंपनीच ठरवत असे. २०१२ मध्ये ‘ग्रीनलाइट’ या योजनेद्वारे ग्राहकांच्या मतांना स्थान मिळाले आणि २०१७ मध्ये ‘स्टीम डायरेक्ट’ आल्यावर गेममागे १०० डॉलर शुल्क भरून कोणालाही आपला गेम विक्रीस ठेवता येऊ लागला. दार असे उघडल्याचा लाभ गोव्यातील, पुण्यातील वा इंदूरमधील दोन माणसांच्या चमूलाही झाला. पण गर्दीही त्याच दाराने आत आली. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले. म्हणजे दिवसाला सरासरी पन्नासच्या आसपास. या गर्दीत नवख्या स्टुडिओकडे जाहिरातीचा पैसा नसतो, नावाला वलय नसते. त्याच्या हाती असते ते एक चित्र.

पेटीवरील चित्राचा वारसा

गेमच्या मुखचित्राची परंपरा ऑनलाइन दुकानांपेक्षा बरीच जुनी आहे. १९७७ मध्ये अटारी कंपनीचा घरगुती गेमयंत्राचा संच बाजारात आला, तेव्हा पडद्यावर दिसणारी चित्रे म्हणजे काही चौकोन आणि ठिपके असत. विमान, रणगाडा किंवा अवकाशयान ओळखण्यासाठी खेळणाऱ्यालाच कल्पनाशक्ती ताणावी लागे. क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकारांनी पेट्यांवर रंगवलेल्या भरगच्च, गतिमान चित्रांनी ती उणीव भरून काढली. पेटीवरचे चित्र खेळणाऱ्याला सांगे, की पडद्यावरचा हा ठिपका प्रत्यक्षात काय आहे असे समजायचे.

अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ स्थापन केली. या कंपनीच्या पेट्यांनी निराळी वाट धरली. गेममध्ये जे आकार दिसतात, तेच ठळक रंगांत व नेटक्या मांडणीत पेटीवर यावेत, असे तिचे धोरण होते. एका पद्धतीत चित्र कल्पनेला चालना देते, दुसरीत ते वस्तू जशी आहे तशी समोर ठेवते. पुढील साडेचार दशकांत मुखचित्राविषयी जे वाद झाले, त्यांतील बहुतेक या दोन टोकांमध्येच झाले आहेत.

चित्र आणि गेम यांची फारकत झाली की काय होते, याचे सर्वांच्या तोंडी असलेले उदाहरण म्हणजे १९८७ च्या ‘मेगा मॅन’ची अमेरिकी पेटी. गेममधील नायक हा हाताच्या जागी तोफ असलेला निळा, बालसुलभ यंत्रमानव. पेटीवर मात्र अवघडल्यासारखा उभा असलेला एक प्रौढ पुरुष हातात पिस्तूल घेऊन दिसतो. या चित्राची थट्टा इतकी झाली, की २०१२ मधील एका मारामारीच्या गेममध्ये कंपनीने त्याच अवताराला विनोदी पात्र म्हणून उतरवले. याउलट १९९३ च्या ‘डूम’साठी डॉन इव्हान पंचाट्झ यांनी रंगवलेले चित्र आजही अभ्यासले जाते. मध्यभागी उंचावर एकटा सैनिक, चहूबाजूंनी वर चढणारे राक्षस, आणि वर दुरूनही वाचता येणारे भक्कम नाव. गेममध्ये काय करायचे आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

मुखचित्र कोणासाठी असते, हा प्रश्नही जुनाच आहे. २०१३ च्या ‘बायोशॉक इन्फिनिट’च्या पेटीवर खांद्यावर बंदूक टाकलेला नायक आला, तेव्हा मालिकेचे चाहते नाराज झाले. एवढ्या विचारगर्भ गेमला इतके सरधोपट चित्र का, असा त्यांचा आक्षेप होता. सर्जनशील दिग्दर्शक केन लेव्हिन यांनी त्यावर दिलेले स्पष्टीकरण असे होते, की चाहत्यांना गेम आधीच ठाऊक आहे; पेटी ही ज्याने त्याचे नावही ऐकलेले नाही त्याच्यासाठी आहे. कंपनीने पुढे मधला मार्ग काढला. मुखपृष्ठाच्या आतील बाजूस चाहत्यांच्या मताने निवडलेले दुसरे चित्र छापले गेले. त्याच वर्षीच्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या वेळी, एली या किशोरवयीन मुलीला पेटीच्या मागील बाजूस हलवण्याची सूचना स्टुडिओने मानली नाही, असे एलीची भूमिका करणाऱ्या अ‍ॅश्ली जॉन्सन यांनी सांगितले आहे. पेटीवर एली पुढे आणि तिचा सोबती मागे, असेच चित्र राहिले. बाजाराचा सल्ला कोठवर ऐकावा आणि कोठे थांबावे, याची ही दोन भिन्न उत्तरे आहेत.

मराठी वाचकाला ही कला अपरिचित नाही. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी मराठी पुस्तके व ‘दीपावली’ अंक यांसाठी केलेली मुखपृष्ठे पुस्तकविक्रेत्याच्या मांडणीत दुरूनच ओळखू येत. दिवाळीच्या दिवसांत शेजारी शेजारी मांडलेल्या अंकांतून वाचकाचा हात एका अंकाकडे जावा, हे त्या मुखपृष्ठाचे काम होते. ऑनलाइन दुकानातील मुखचित्राचे कामही तेच आहे; फक्त मांडणी अफाट वाढली आहे आणि चित्र अंगठ्याच्या नखाएवढे झाले आहे.

एक चित्र नव्हे, चित्रांचा संच

‘मुखचित्र’ हा शब्द एकवचनी असला तरी ऑनलाइन दुकानाला लागतो तो एक संच. स्टीमच्या परिभाषेत या चित्रांना ‘कॅप्सूल’ म्हणतात. विक्रीपानाच्या माथ्यावरील व इतर अनेक ठिकाणी दिसणारे शीर्ष कॅप्सूल ९२० गुणिले ४३० पिक्सेलचे असते. शोधाच्या निकालांत व याद्यांत दिसणारे छोटे कॅप्सूल ४६२ गुणिले १७४ पिक्सेलचे, तर पहिल्या पानावरील फिरत्या पट्टीतील मुख्य कॅप्सूल १२३२ गुणिले ७०६ पिक्सेलचे असते. हंगामी विक्रीमेळ्यांसाठी ७४८ गुणिले ८९६ पिक्सेलचे उभे कॅप्सूल लागते. गेम विकत घेतल्यानंतर तो ग्राहकाच्या संग्रहात दिसतो, त्यासाठी ६०० गुणिले ९०० पिक्सेलचे उभे चित्र आणि ३८४० गुणिले १२४० पिक्सेलचे रुंद पार्श्वचित्र द्यावे लागते. या रुंद चित्रावर नाव लिहायचे नसते. नावाची अक्षरचित्राकृती पारदर्शक पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे द्यावी लागते.

मोबाइलची दुकाने यापेक्षा कंजूष आहेत. गूगल प्लेवर ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचे चौकोनी चिन्ह आणि १०२४ गुणिले ५०० पिक्सेलचे आडवे चित्र, तर अ‍ॅपलच्या दुकानात १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचे चिन्ह द्यावे लागते. दोन्ही ठिकाणी चिन्हाचे कोपरे दुकान स्वतःच गोलाकार करते. त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेली कोणतीही महत्त्वाची गोष्ट छाटली जाते.

या आकड्यांतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. रुंदी-उंचीचे प्रमाण प्रत्येक ठिकाणी निराळे असल्याने एकच आडवे चित्र तयार करून ते हवे तसे कातरणे चालत नाही. आडव्या चित्रात डावीकडे असलेला नायक आणि उजवीकडे असलेले नाव उभ्या चौकटीत एकत्र मावत नाहीत; मग नायकाचा खांदा कापला जातो किंवा नाव चिमटले जाते. म्हणून नायक, पार्श्वभूमी, पुढील वस्तू आणि नाव हे घटक आरंभापासूनच वेगवेगळ्या थरांवर रंगवावे लागतात. थर सुटे असले की प्रत्येक चौकटीसाठी त्यांची नव्याने जुळणी करता येते.

दुसरा निष्कर्ष आकारासंबंधी आहे. छोट्या कॅप्सूलवरून स्टीम आणखी लहान प्रती आपोआप तयार करते. त्यांपैकी सर्वांत लहान प्रत १२० गुणिले ४५ पिक्सेलची असते. मोठ्या पडद्यावर महिनाभर रंगवलेल्या चित्राची खरी परीक्षा या ४५ पिक्सेल उंचीच्या पट्टीत होते. या आकारात पात्राच्या डोळ्यांतील भाव, चिलखतावरील नक्षी, दूरच्या किल्ल्याचे बुरूज यांपैकी काहीही दिसत नाही. दिसते ते नाव, एखादा ठळक आकार आणि एक रंग. स्टीमच्या मार्गदर्शनानुसार छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सारी जागा व्यापावी, त्यामागील कारण हेच.

चित्राने काय सांगावे?

मुखचित्र पाहणाऱ्याच्या मनात क्रमाने तीन प्रश्न उठतात : हा कोणत्या प्रकारचा गेम आहे, तो आपल्यासाठी आहे काय, आणि याच प्रकारच्या इतरांपेक्षा यात वेगळे काय आहे. चांगले चित्र या तिन्हींची उत्तरे देते; निदान पहिल्या दोहोंची तरी देतेच.

प्रकाराची ओळख ही संकेतांवर चालते. शेतीच्या निवांत गेमवर मोकळे आकाश, उबदार रंग आणि गोलसर अक्षरे असतात. भीतीच्या गेमवर अंधार, एकच प्रकाशबिंदू आणि अर्धवट दिसणारा चेहरा असतो. डावपेचांच्या गेमवर नकाशा, सैन्य किंवा वरून पाहिलेले दृश्य येते. हे संकेत नीरस वाटले तरी ते ग्राहकाने वर्षानुवर्षे शिकलेली भाषा आहेत. ती पूर्णपणे झुगारणारे चित्र उठून दिसते खरे, पण चुकीच्या माणसाला बोलावते आणि योग्य माणसाला जाऊ देते. संकेत पाळूनही वेगळेपण दाखवता येते. २०१७ च्या ‘कपहेड’ने एकोणीसशे तिसाच्या दशकातील अमेरिकी व्यंगपटांची शैली गेममध्ये आणि चित्रात एकसारखी वापरली. २०१० च्या ‘लिम्बो’ने काळ्या-करड्या छायाकृतींत एका लहान मुलाचे केवळ चमकणारे डोळे ठेवले. ‘हॉलो नाइट’मधील योद्ध्याचा शिंगांचा पांढरा मुखवटा अंधाऱ्या पार्श्वभूमीवर कितीही लहान केला तरी ओळखू येतो. तिन्ही उदाहरणांत एकच गोष्ट ठळक आहे आणि ती गेममधूनच उचललेली आहे.

नवख्या स्टुडिओंची सर्वांत नेहमीची चूक याच्या उलट असते. सहा पात्रे, दोन शत्रू, एक किल्ला, स्फोट आणि चंद्र, हे सारे गेममध्ये आहे म्हणून चित्रातही येते. निर्मात्याला यातील प्रत्येक घटक प्रिय असतो. अनोळखी नजरेला मात्र तो एक रंगीत गोंधळ दिसतो. चित्रकाराकडे जाण्यापूर्वी स्टुडिओने एका वाक्यात लिहून काढावे, की या गेममध्ये खेळणारा कोण आहे आणि तो काय करतो. त्या वाक्यातील कर्ता आणि क्रियापद एवढेच चित्रात यावे.

भारतीय विषयांवरील गेमपुढे आणखी एक पेच असतो. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० मधील गेम भावाच्या शोधात निघालेल्या, दुर्गेचे त्रिशूळ हाती आलेल्या मुलीची कथा सांगतो. ‘राजी’ हे नाव परदेशी ग्राहकाला काहीच सांगत नाही. जोडीचे उपशीर्षक मात्र ही प्राचीन काळातील महागाथा असल्याचे कळवते. त्रिशूळ, दीपमाळ, गोपुर किंवा मुखवटा ही चिन्हे आपल्याकडे पाहताक्षणी अर्थ सांगतात. युरोपातील वा जपानमधील ग्राहकाला त्यांतून केवळ परकेपणा जाणवू शकतो. अशा वेळी ओळखीची कृती आणि अनोळखी वेश यांची सांगड उपयोगी पडते. शस्त्र उगारलेली मुलगी ही कृती जगभर कळते. तिचा पेहराव आणि शस्त्र तिचा देश सांगतात.

रचना, उजेड आणि रंग

लहान आकारात चित्र टिकते ते प्रामुख्याने उजेड-अंधाराच्या विरोधामुळे. रंग त्यानंतर येतो. चित्र कृष्णधवल करून पाहिले असता नायक पार्श्वभूमीपासून सुटा दिसत नसेल, तर रंग कितीही भडक केले तरी तो दिसणार नाही. म्हणून अनुभवी चित्रकार आरंभी तीन-चार करड्या छटांमध्ये टपाल तिकिटाएवढी कच्ची रेखाटने करतात. अशी दहा-बारा रेखाटने तासाभरात होतात आणि त्यांतून योग्य रचना निवडली की पुढील आठवड्यांचे श्रम वाया जात नाहीत.

नायकाची बाह्याकृती, म्हणजे आतील सर्व तपशील काळे करून उरणारा आकार, स्वतंत्रपणे ओळखू आली पाहिजे. हात शरीराला चिकटलेले, शस्त्र छातीसमोर आणि केस पार्श्वभूमीत मिसळलेले असतील, तर लहान आकारात केवळ एक ढेकूळ उरते. तेच हात शरीरापासून दूर आणि शस्त्र मोकळ्या आकाशावर आले की आकार बोलू लागतो.

रंगाच्या निवडीत दुकानाचाही विचार करावा लागतो. स्टीमच्या पानांची पार्श्वभूमी गडद निळसर आहे. कडेला काळवंडत जाणारे चित्र या पार्श्वभूमीत विरघळते आणि त्याची चौकटच हरवते. कडांना थोडा उजेड किंवा स्पष्ट रंग ठेवला की चित्र आपली जागा धरून राहते. शेजाऱ्यांकडेही पाहावे लागते. एखाद्या प्रकारातील बहुतेक गेम निळ्या-नारिंगी रंगसंगतीत असतील, तर हिरवा किंवा पिवळा रंग केवळ निराळेपणामुळे नजर खेचतो.

नावाची अक्षरे

मुखचित्रात नाव हे शेवटी चिकटवण्याचे लेबल समजले जाते, तेथे बहुतेक चित्रे फसतात. नावासाठी जागा रचनेतच राखावी लागते. अक्षरांमागे शांत, एकसारखा भाग हवा. गवत, पाने, गर्दी यांवर लिहिलेले नाव वाचता येत नाही. बारीक रेषांचे, वळणदार टाइप मोठ्या आकारात देखणे दिसतात आणि लहान आकारात नाहीसे होतात. नाव लांब असेल तर ते दोन ओळींत मोडून मुख्य शब्द मोठा व उपशीर्षक लहान ठेवावे. छोट्या कॅप्सूलमध्ये उपशीर्षक वगळले तरी चालते. ‘स्टारड्यू व्हॅली’च्या नावाची लाकडी पाटीसारखी अक्षरे अक्षरे असूनही चित्राचे काम करतात, गेमचा ग्रामीण, निवांत स्वभाव त्यांतूनच कळतो.

गेमचे नाव मराठी, कोकणी वा हिंदीत, म्हणजे देवनागरीत द्यायचे असेल तर अडचणी वाढतात. रोमन अक्षरे एका पट्टीत बसतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा व अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर आणि खाली उकार असे तीन थर असतात. त्यामुळे उपलब्ध उंचीतील निम्म्याच्या आसपास भागच मूळ अक्षराच्या वाट्याला येतो. ४५ पिक्सेलच्या पट्टीत ‘ष’, ‘ण’, ‘फ’ यांच्या पोटातील पोकळ्या भरून जातात, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद पुसला जातो आणि जोडाक्षरांचा गठ्ठा होतो. यावर उपाय आहेत. शिरोरेषा उभ्या दांड्यांपेक्षा थोडी बारीक ठेवावी, अक्षरांच्या पोकळ्या मुद्दाम मोठ्या कराव्यात, मात्रा आखूड व जाड काढाव्यात आणि शक्य तेथे कमी जोडाक्षरांचे नाव निवडावे. शिरोरेषा ही अडचण असली तरी तीच सामर्थ्यही ठरू शकते. सगळ्या शब्दाला बांधणारी ती रेषा तलवार, फांदी, क्षितिज किंवा दोर बनू शकते. रोमन लिपीतील नावाला ही सोय नाही.

दुकानाचे नियम

एके काळी स्टीमवरील अनेक कॅप्सूल पुरस्कारांच्या पानमाळा, समीक्षकांनी दिलेले गुण, सवलतीचे आकडे आणि ‘नवी भर’ अशा घोषणांनी भरलेले असत. व्हॉल्व्हने १ सप्टेंबर २०२२ पासून यावर निर्बंध आणले. कॅप्सूलवर आता गेमचे चित्र, गेमचे नाव आणि असल्यास अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. गुण, पुरस्कारांची नावे वा चिन्हे, सवलतीची जाहिरात आणि दुसऱ्या गेमची प्रसिद्धी यांना मनाई आहे. गेममध्ये मोठी भर पडली तर तिची माहिती देणारे तात्पुरते चित्र जास्तीत जास्त महिनाभर लावता येते आणि त्यावरील मजकूर गेम ज्या भाषांत उपलब्ध आहे त्या भाषांत द्यावा लागतो. नियम मोडणाऱ्या गेमला दुकानात कमी ठिकाणी दाखवले जाऊ शकते आणि अधिकृत विक्रीमेळ्यांतून वगळले जाऊ शकते. एकाच मेळ्यात वर्षभराची विक्री अवलंबून असलेल्या छोट्या स्टुडिओला हा दंड परवडणारा नसतो. तथापि, या निर्बंधाचा लाभही त्यालाच झाला. पुरस्कार नसलेल्या नव्या गेमचे चित्र आता पुरस्कारप्राप्त गेमच्या बरोबरीने, केवळ चित्र म्हणून पाहिले जाते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही नियम आहे. अशा साधनांच्या साहाय्याने तयार केलेल्या आशयाची माहिती जानेवारी २०२४ पासून स्टीमला द्यावी लागते आणि ती विक्रीपानावर ग्राहकाला दिसते. खेळणाऱ्यांमधील मोठा वर्ग या प्रश्नावर संवेदनशील आहे. मुखचित्र यंत्राने केलेले असल्याची शंका आली, तर गेमही तसाच उरकलेला असावा, असा तर्क केला जातो.

चित्र आणि गेम यांचा सलोखा

आकर्षक चित्राने ग्राहक पानापर्यंत येतो. पुढे त्याला गेमची प्रत्यक्ष दृश्ये दिसतात. चित्रात भव्य रंगवलेला रणसंग्राम आणि दृश्यांत साधे ठोकळे दिसले, तर फसवणुकीची भावना तेथेच निर्माण होते. त्याने तरीही गेम घेतलाच, तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास तो पैसे परत मागू शकतो. ही सोय स्टीमवर २०१५ पासून आहे. नाराज ग्राहक अभिप्रायही लिहून जातो. म्हणजे खोट्या चित्राने मिळवलेली विक्री परत जाते आणि जाताना गेमच्या नावाला डाग लावून जाते.

चित्र गेमपेक्षा अधिक देखणे असण्यास हरकत नाही; अटारीच्या काळापासून ते तसेच आहे. मात्र गेमचा प्रकार, काळ, मनोवृत्ती आणि खेळणाऱ्याची भूमिका यांबाबत चित्र व गेम यांचे म्हणणे एक असले पाहिजे. ठिपक्यांच्या शैलीतील गेमसाठी रंगवलेले चित्र वापरले, तर निदान रंगसंगती आणि पात्राचा आकार तरी तोच ठेवावा.

चित्रकाराशी करार

छोट्या स्टुडिओत चित्रकार बहुधा बाहेरचा असतो आणि व्यवहार तोंडी होतो. पुढील वादांचे मूळ येथेच असते. चित्रकाराला गेमची खेळता येईल अशी प्रत, याच प्रकारातील पाच-सहा गेमची चित्रे, लागणाऱ्या सर्व आकारांची यादी आणि किती वेळा बदल सुचवता येतील याची संख्या आरंभीच द्यावी. कच्चे रेखाटन, रंगांचा आराखडा आणि पूर्ण चित्र अशा टप्प्यांवर मान्यता व मोबदला ठरवावा. अंतिम चित्राबरोबर सुट्या थरांची मूळ फाइलही मिळावी, कारण पुढे नव्या आकारांची गरज पडतेच.

हक्कांची बाब त्याहून महत्त्वाची आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क केवळ भारतापुरते मानले जातात. जगभर विकल्या जाणाऱ्या गेमच्या दृष्टीने या दोन रिकाम्या जागा घातक आहेत. विक्रीमेळ्यातील फलक, टी-शर्ट, छापील पोस्टर, पुढील भाग यांसाठी चित्र वापरायचे असल्यास तेही नोंदवावे. चित्रकाराच्या बाजूनेही लेखी करार हिताचा असतो. त्याचे नाव गेमच्या श्रेयनामावलीत यावे आणि आपल्या कामाच्या संग्रहात चित्र दाखवण्याची मोकळीक असावी, हे त्यात नमूद करता येते.

चाचणी आणि सुधारणा

चित्र पूर्ण झाल्यावर ते स्टुडिओच्या भिंतीवर मोठे करून पाहण्यात अर्थ नसतो. दुकानाच्या यादीचे छायाचित्र घेऊन त्यातील एका चित्राच्या जागी आपले चित्र बसवावे आणि गेमविषयी काही ठाऊक नसलेल्या व्यक्तीला ते दोन-तीन सेकंद दाखवावे. मग विचारावे : कोणते चित्र आठवते, त्या गेमचे नाव काय, त्यात काय करायचे असेल. चित्र आवडले का, हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर भिडेपोटी दिले जाते. मित्र व नातेवाईक यांच्यापेक्षा तो प्रकार नेहमी खेळणारी अनोळखी माणसे या चाचणीस अधिक योग्य. भारतीय गेम विकासकांची परिषद किंवा महाविद्यालयांतील गेमनिर्मितीचे मेळावे येथे अशी माणसे भेटतात.

विक्रीपान सुरू झाल्यावर आकडे बोलू लागतात. चित्र किती वेळा दाखवले गेले आणि त्यातून किती जण पानावर आले, हे स्टीम विकासकाला कळवते. चित्र बदलल्यावर हे प्रमाण कसे हलते, ते पाहता येते. मात्र त्याच काळात विक्रीमेळा किंवा मोठी प्रसिद्धी झाली असेल, तर तुलना फसवी ठरते. गूगल प्लेवर दोन चित्रे वेगवेगळ्या ग्राहकांना एकाच वेळी दाखवून पाहण्याची सोय आहे. अ‍ॅपलच्या दुकानातही तशी व्यवस्था आहे.

वेळेचे गणित मात्र चुकवू नये. स्टीमवर ‘लवकरच येत आहे’ असे पान प्रकाशनापूर्वी किमान दोन आठवडे खुले ठेवावे लागते; प्रत्यक्षात ते कित्येक महिने आधी सुरू केले जाते, कारण त्या काळात ग्राहक गेमला आपल्या इच्छासूचीत टाकतात आणि प्रकाशनाच्या दिवशी त्यांनाच सूचना जाते. वर्षातून तीनदा भरणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’ या नमुनागेमच्या मेळ्यात प्रत्येक गेमला एकदाच भाग घेता येतो. त्या आठवड्यात कच्चे चित्र लावलेले असेल, तर ती संधी परत येत नाही. म्हणून मुखचित्राचा खर्च आणि वेळ आराखड्याच्या शेवटच्या ओळीत न ठेवता, विक्रीपान उघडण्याच्या तारखेआधी मांडावा. त्या तारखेच्या दोन-तीन महिने आधी चित्रकाराशी बोलणी सुरू झाली, तर रेखाटने, बदल, सर्व आकार आणि चाचणी यांना पुरेसा अवधी मिळतो.